काठाचं शीड

१८ नोव्हेंबर १९५६

भांडल्याशिवाय मला करमत नाही, आणि ज्यांच्याशी भांडायचं ते मुंबईला जाऊन बसले. म्हणून ही वही. सुहासने भूगोलासाठी आणली होती, दोन पानं लिहून टाकून दिली. ती पानं फाडली आणि बसले लिहायला.

पहिल्या तारखेला नागपूरची राजधानी गेली. सचिवालयातल्या माणसांना विचारलं होतं म्हणे, कुठे जाता, भोपाळ की मुंबई. ह्यांनी मुंबई लिहून दिली. मला कधी कळलं? सही झाल्यावर, आमटी वाढताना. "मुंबईचं ठरलं गं," म्हणाले आणि लिंबू मागितलं. आणि मी दिलं! काय बावळट बाई आहे मी. वाटी तिथेच आपटायला हवी होती.

भाऊबीज झाली आणि हे गेले. सुहासची मॅट्रिक मार्चमध्ये, म्हणून आम्ही मायलेकी एप्रिलपर्यंत इथे. मग हे येऊन आम्हाला घेऊन जाणार. तोवर महालातलं हे बिऱ्हाड मी आवरायचं आणि जड सामान विकायचं. मोठं कपाट, शिसवी पलंग आणि होडी.

होडीचं सांगायला हवं. सत्तेचाळीस साली ह्यांचा गोरा साहेब विलायतेला परत निघाला, तेव्हा त्याचं सामान विकायला काढलं होतं. मी ह्यांना शिवणाच्या मशीनसाठी धाडलं. हे होडी घेऊन आले. शिडाची, तीन-चार माणसं बसतील एवढी, अंबाझरी तलावावर ठेवलेली. त्यानंतर हे टोपी घालून दोन-तीनदा तिच्यात बसून आले असतील, पुढे नाही. पाणी अंगावर उडालं की ह्यांना शिंका येतात. मला एकदाही नेलं नाही. "ते बायकांचं काम नव्हे." मशीन मी पुढे भिशीतून घेतलं.

आज मार्तंडराव ठेकेदार येऊन गेले. ह्यांनीच जाण्याआधी त्यांना होडी देतो म्हणून सांगून ठेवलंय. रामदासपेठेत नवा बंगला बांधताहेत. "आहे तशी उचलून नेतो वहिनी," म्हणाले. मी म्हटलं, थांबा, शिडं बघायला हवीत. "शीड असलं काय, नसलं काय!" असं कसं? झाकणाशिवाय डबा कुणी विकतं का? मी म्हटलं, शिडांसकट देईन. ते हसले. म्हणाले, घाई नाही, बागेचं काम एप्रिलपर्यंत चालायचं आहे.

२१ नोव्हेंबर

माळ्यावरून शिडं काढली. दोन आहेत, एक मोठं तिकोनी आणि एक पुढचं धाकटं. उलगडून बघते तो उंदरांनी आत संसार थाटलेला. जिथे उंदीर पोचले नाहीत तिथे बोटाने दाबलं तरी कापड फाटतंय. शेजारच्या शोभाताई डोकावल्या. "पोतेऱ्यांना छान होईल हो प्रमोदिनीबाई, वर्षभर पुरेल." मला असा संताप आला की शिडांची घडी घातली आणि ट्रंकेत ठेवून दिली, चांगल्या लुगड्यांच्या वर.

सुहास म्हणाली, "अगं आई, पण मार्तंडकाकांना शीड नकोच आहे ना?"

म्हटलं, तुझा भूगोल वाच.

नवी शिडं घ्यायची. अर्धवट वस्तू विकायची माझी पद्धत नाही, बस. त्यात दुसरं काही नाही.

२५ नोव्हेंबर

वस्तू विकायची तर आधी बघायला नको? सायकल-रिक्षा केली आणि अंबाझरीला गेले. तिथे मारोतराव असतात, साहेब लोकांच्या वेळेपासून होड्या राखतात. त्यांनी दोन माणसं बोलावून आमची होडी सुलटी केली, पाण्यात लोटली. मी पदर खोचला आणि चढले.

"बाई, तुमी काहून बसता?"

"गळते का बघायला नको?"

"ते तं इथूनबी दिसते."

मी बसून राहिले. मग त्यांनी निमूटपणे वल्हं घेतलं आणि थोडं आत नेलं. काठावरची माणसं लहान होत गेली, आवाज बारीक झाले. चाळिशी जवळ आली, ह्याच गावात जन्मले, ह्याच गावात दिली, आणि हा तलाव मी आतून आज पाहिला. एकदम रडू आलं. मारोतराव घाबरले. "कचरा गेला का डोळ्यात?" म्हणाले. हो म्हटलं.

गळत होती थोडी. डांबर लावायला हवं. म्हणजे पुन्हा जाणं आलंच. विकायचं म्हटलं की ही कामं मागे लागतात.

४ डिसेंबर

कपाट गेलं, पलंगही गेला. शीड मात्र नागपुरात कुणी ओळखत नाही. गांधीबागेतला कापडवाला म्हणतो, "क्या चीज बाई?" सुहासने शब्दकोश काढून सांगितलं, हिंदीत पाल म्हणतात. मग सदरला एका मंडपवाल्याकडे गेले, त्याला सांगितलं, मजबूत पाल पाहिजे, तिकोनी, एवढी एवढी. त्याने मान डोलावली, पक्कं काम करून देतो म्हणाला. आठवडाभर मी खुशीत.

आज आणायला गेले, तर त्याने भर रस्त्यात तंबू ठोकून दाखवला. खुंट्या, दोऱ्या, सगळ्यासकट. "पालच म्हणाले होते ना तुम्ही?" म्हणालेच होते! पाल म्हणजे राहुटी, हे माझ्या मराठी डोक्यात येऊ नये? त्याच्याही डोक्यात हिंदी येऊ नये? दोघांनी भलतीकडेच भाषा लावली. माणसं जमली. एकाने विचारलं, सर्कस कधी सुरू होणार? मी तिथून जी सुटले ती सदरपासून महालापर्यंत चालत आले, तरी अंगातली धुसफूस जाईना. घरी येऊन डबे घासले. घासलेलेच पुन्हा घासले.

१९ डिसेंबर

ह्यांचं पत्र. मुंबईत शिडांची चौकशी करा म्हणून लिहिलं होतं. बिचारे भाऊच्या धक्क्यावर जाऊन आले. तिथली शिडं एवढाली, आपली होडी त्यात गुंडाळून ठेवता येईल म्हणे. पुढे, "मार्तंडरावांना शीड नकोच आहे, तू उगाच कशाला धावतेस?" आणि मग पानभर स्वतःचं. खानावळीत आमटी गोड असते. खोलीत चौघे जण आहेत, एक घोरतो. रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही.

मग म्हणावं, कोणी सांगितलं होतं मुंबई लिहून द्यायला? भोगा.

पत्र दोनदा वाचलं. भाजीत मीठ घालायचं विसरले. चिवडा करून पाठवावा का? तिखट करावा.

११ जानेवारी १९५७

आज मार्ग निघाला. सुभद्रा दारावर लुगडी घेऊन येते, संक्रांतीच्या आधी हमखास येते. कोष्ट्याची, नवरा चंपतराव मागावर बसतो. तिची लुगडी पाहताना सुचलं, हातात एवढं घट्ट विणलेलं कापड आहे आणि मी तंबूवाल्यांची दारं काय झिजवते! ट्रंकेतलं जुनं शीड काखोटीला मारलं आणि तिच्याबरोबर तशीच पाचपावलीला गेले.

चंपतराव मागाच्या खड्ड्यात बसूनच बोलले. मी सांगितलं, हवा धरील असं कापड पाहिजे. ते म्हणाले, "बाई, कापड आंग झाकते. हवा धरते हे आज ऐकून राहिलो." पण जुनं शीड हातात घेऊन त्यांनी दोनदा फुंकर मारून पाहिली, बायकोकडे पाहिलं आणि म्हणाले, करतो. गिरणीच्या मालापुढे मागाला काम कमी आहे.

मी नीट समजावलं. कोरं पांढरं. घट्ट वीण. काठ नको, पदर नको.

"काठ नको?" त्यांनी माझ्या कपाळाकडे पाहिलं. मला वाटलं कुंकू फिसकटलंय. घरी येऊन आरशात पाहिलं, ठीक होतं.

२ फेब्रुवारी

कापड अजून नाही. मी दिवसातून दहा वेळा गच्चीवर जाते. जाऊन काय करते? वारा कुठून येतोय ते बघते. आधी वारा नुसता वारा होता. आता सकाळी कडुनिंबाची पानं कुठे झुकली, दुपारी कुणाचा धूर कुठे गेला, सगळं दिसतं. सुहास म्हणते, "आई, तुला काय झालंय? तू एका जागी बसतच नाहीस." म्हटलं, घर बदलायचं म्हणजे जिवाला घोर असतोच.

"घराचा घोर गच्चीवर असतो का?" चुरूचुरू बोलते कार्टी. कुणावर गेली आहे कोण जाणे.

९ फेब्रुवारी

चंपतरावांनी काठ घातला!

लाल काठ, चांगला दोन बोटं रुंद, करवतीच्या दातांचा. दोन्ही कडांना. कापड देखणं आहे, वीण अशी की पाणी ओतलं तर ठरेल, पण ह्या पट्ट्या जोडून शीड शिवलं की त्यावर लाल आडवे पट्टे येणार. मी भडकलेच.

"काठ नको म्हटलं होतं ना मी? काहून घातला?" रागाच्या भरात मीही त्यांच्यासारखंच बोलले.

"मालक परगावी हायत ना तुमचे?"

"आहेत. मग?"

"मंग मालक परगावी असता सवाष्ण बाईच्या हातात बिनकाठाचं पांढरं ठेवू मी? मी नाई ठेवत."

"अहो, होडीला घालायचं आहे ते! मला नेसायचं नाही!"

"होडीले घाला, नाई तं घोड्याले घाला. माह्या मागावरून उचलून कोण चालली? तुमीच ना?"

सुभद्रा हसायला लागली. "न्या वं बाई. काठानं का वजन वाढते?"

रिक्षात सगळा रस्ता मी पुटपुटत होते. घराजवळ आले आणि एकदम वाटलं, ह्यांचं मुंबईत काही वाईट होऊ नये म्हणून तो माणूस बसून दात मोजत काठ विणत होता. ज्यांना त्याने पाहिलंसुद्धा नाही. डोळे भरून आले. तरी चूक ती चूकच. सांगितलेलं ऐकायचं कुणी? माझं तर कुणीच ऐकत नाही.

११ फेब्रुवारी

शिवण्याआधी कोरं कापड भिजवायचं, नाहीतर पुढे आटतं. हे आईने शिकवलं, मी सुहासला शिकवलं. म्हणून काल सगळं कापड अंगणातल्या हौदात बुडवलं.

सकाळी उठून बघते तो काठाचा लाल सुटलेला. अख्खं कापड गुलाबी! फिकट नव्हे, चांगलं लग्नातल्या फेट्याचं गुलाबी. सुहास हसता हसता पायरीवर बसली. शोभाताई भिंतीवरून म्हणाल्या, "अगंबाई, रंगपंचमी यंदा लवकर?" मी दोघींनाही बोलले. शोभाताईंना जरा जास्तच बोलले.

आता गुलाबी शीड कोण घेणार? मार्तंडराव तर मुळीच नाही घ्यायचे. सगळं मुसळ केरात.

वाळत घालायला गच्चीवर नेलं. वारा आला आणि ते फुगलं. वर वर उचलायला लागलं, दोरी ताणली, खांब करकरला. मी एका टोकाला धरून उभी. ओढत होतं मला, खरंच ओढत होतं. किती वेळ उभी होते माहीत नाही. खाली वांगी जळून कोळसा झाली.

आता भिजवलंच आहे तर शिवून टाकू.

२४ फेब्रुवारी

जुनं शीड गच्चीवर पसरलं, त्यावर नवं ठेवून बेतलं. पहिल्यांदा सपाट शिवलं ते पाटासारखं झालं. उसवलं. जुन्याच्या खालच्या कडेला नीट पाहिलं तर बारीक चुण्या. म्हणजे पोट हवं त्याला. पोलक्याला टक्स घालतात तशी घातली आणि बसलं. मशीनच्या सुया मोडल्या किती. बाहेर निवडणुकीच्या जीपा ओरडत फिरताहेत, मत द्या, मत द्या. आत सुहासचं पाठांतर, त्यात माझं मशीन. ती मध्येच म्हणाली, "आई, मुंबईला गेल्यावर तू काय करशील गं?"

"स्वयंपाक. दुसरं काय?"

"नाही, म्हणजे वाऱ्याचं."

हिला काय एकेक सुचतं.

१८ मार्च

पेपर संपले. परवा धुळवड झाली आणि आज लोकांच्या अंगावरचे रंग निघाले नसतील तोवर आमचं गुलाबी शीड अंबाझरीवर चढलं.

आईचं जुनं नऊवारी नेसले, काष्टा घट्ट मारला. पाचवारीत होडीत चढणं म्हणजे फजिती. मारोतराव म्हणाले, "भेव नका धरू, मले सारं येते, साहेबाची होडी मीच बांधत होतो." बांधत होते हे खरं. चालवत नव्हते, हे पाण्यात गेल्यावर कळलं. त्यांनी ही दोरी ओढली, ती सोडली, होडी स्वतःभोवती फिरली आणि जाऊन काठच्या बेशरमाच्या झुडपात शिरली. पुन्हा काढली, पुन्हा शिरली. तिसऱ्यांदा मी म्हटलं, द्या इकडे.

दोरी हातात आली. वाऱ्याने शीड धरलं. आणि होडी निघाली. वल्हं नाही, काही नाही. नुसतं पाणी कापल्याचा आवाज. मारोतराव दोन्ही हातांनी कड धरून "बाप्पा! बाप्पा!" करत होते. मी काय करत होते? मी हसत होते. मोठ्याने. रस्त्यावर माणसं थांबून पाहत होती आणि मी तोंड उघडं टाकून हसत होते.

विकण्याआधी चालवून पाहिलेली बरी.

३० मार्च

एकटी गेले. वाऱ्याच्या उलट यायचं तर सरळ येता येत नाही. तिरपं जायचं, मग वळायचं, पुन्हा तिरपं. वळताना मान खाली घातली नाही तर शिडाचं आडवं लाकूड डोक्यात बसतं. बसलं. टेंगूळ आलंय. शोभाताईंना सांगितलं, कडी लागली.

परवा पाडवा. घरात गूळ आणायचा आहे, कडुनिंब आणायचा आहे, बांधाबांध आहे. आणि माझं लक्ष कुठे, तर वाऱ्याकडे. माणसाने असं होऊ नये.

७ एप्रिल

मार्तंडराव तलावावर आले. मी वळण घेऊन काठाला लागले, चांगली लागले, धक्कासुद्धा बसला नाही. त्यांनी पाहिलं कुठे? ते शीड बघून हसत होते.

"वहिनी, हा लुगड्याचा झेंडा कशाला? शीड तुम्हीच ठेवा. होडी मी अर्धी मातीत पुरणार आहे."

"पुरणार?"

"बागेत. मधोमध. आत माती भरायची, गुलाब लावायचे. डोलकाठी कापून तिथे कारंजं. लोक बघत राहतील!"

मी बरं म्हटलं. शब्द दिलेला आहे. एकवीस तारखेला रविवारी माणसं घेऊन येतो म्हणाले, तोवर हेही आलेले असतील.

ते सुरुवातीपासून हेच सांगत होते. शीड नको, आहे तशी द्या. सुहास सांगत होती, हे सांगत होते. मग मी हे शीड कुणासाठी शिवलं?

दुपारपासून हा प्रश्न घेऊन घरभर फिरते आहे. बसते, उठते. ट्रंका भरल्या, एक पुन्हा रिकामी केली. उत्तर मला माहीत आहे. लिहायचं नाही.

१८ एप्रिल

हे आले. अर्धे झालेत. गालाची हाडं वर आली आहेत, सदरा खांद्यावरून उतरतोय. रागाने बोलायचं म्हणून जे जे ठरवलं होतं त्यातलं काहीच आठवेना. गरम भाकरी आणि पातोडीची भाजी वाढली. जेवले, दोनदा घेतली. "तिकडे हे मिळत नाही गं." मग मान खाली घालून म्हणाले, "सोमवारच्या गाडीची तिकिटं काढलीत आपली. दादरला खोली बघितली आहे. एकच आहे, पण खिडकी आहे."

खिडकीतून काय दिसतं विचारलं. समोरची खिडकी, म्हणाले.

२१ एप्रिल, रविवार

लिहिल्याशिवाय राहवत नाही.

सकाळी अंबाझरीला गेलो, हे आणि मी. हे छत्री घेऊन. मार्तंडराव आधीच आलेले, बैलगाडी, चार माणसं, करवत. करवत कशाला? डोलकाठी इथेच कापली तर गाडीत नीट मावेल म्हणे.

मी म्हटलं, एक चक्कर मारून आणते. शेवटची. ह्यांनी आ वासला. "तू? एकटी?" मारोतराव म्हणाले, "जाऊ द्या साहेब, बाईले येते." मी शीड चढवलं आणि निघाले.

एप्रिलचा वारा, सकाळीच झळा लागत होत्या. शीड गच्च भरलं. मधोमध गेले आणि दोरी सैल सोडली. होडी उभी राहिली. मागे वळायला हवं होतं. वळले नाही. बसून राहिले.

काठावर सगळे गोळा झाले. हातवारे करायला लागले. ह्यांची छत्री वरखाली होत होती. "काठाला ये! काठाला ये!" ऐकू येत होतं. मी ऐकू येत नसल्यासारखी बसले. आयुष्यात पहिल्यांदा बोलावल्यावर गेले नाही. भीती वाटत होती आणि मजाही वाटत होती, काय सांगू.

मग मारोतराव दुसऱ्या होडीतून वल्हं मारत आले.

"साहेब म्हणून राहिले, बाई अडकली, वळवता येऊन नाई राहिलं, काढून आण."

"मी अडकले नाही मारोतराव."

"ते मले दिसते. पण त्याईले काय सांगू?"

"सांगा, होडी विकायची नाही."

"मी सांगू?" त्यांनी वल्हं उचललं. "नाई बाप्पा! तुमचं तुमी सांगा." आणि परत गेले.

बरोबर होतं त्यांचं. मी अजून थोडा वेळ बसले. मग दोरी ओढली, मान खाली घातली, वळले. तिरपी आले, पुन्हा वळले, पुन्हा तिरपी आले. तीन वळणांत काठाला आले.

उतरले, काष्टा ओलाचिंब, आणि मार्तंडरावांना म्हटलं, "होडी मला विकायची नाही."

"वहिनी, हे बरं नाही. शब्द दिला होता."

"शब्द ह्यांनी दिला होता. मला कुणी विचारलं होतं?"

मार्तंडरावांनी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी छत्री मिटली, पुन्हा उघडली. म्हणाले, "मार्तंडराव, माफ करा. होडी तिची आहे." एवढंच. मार्तंडराव पुष्कळ बोलले, बायकांच्या तंत्राने चालणाऱ्या पुरुषांबद्दलही बोलले, आणि करवत घेऊन गेले. गाडी रिकामी खडखडत गेली.

घरी आल्यावर मी स्वयंपाकाला लागले. हे खोलीभर बांधलेल्या ट्रंकांमधून वाट काढत आत आले, चुलीपाशी पाटावर बसले. इतक्या वर्षांत चुलीपाशी कधी बसले नव्हते.

"काठावर तू ओरडलीस ते... म्हणजे ओरडली नाहीस. मी तुला विचारलं नव्हतं हे खरं आहे."

मी तवा खाली ठेवला.

"आता विचारतो. मुंबईचं तुझं काय म्हणणं आहे?"

लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. आणि मला उत्तर सुचेना! जिच्या तोंडाला शेजारी घाबरतात, ती मी तोंड मिटून बसले. जायचं नाही म्हणावं, तर त्या खोलीत हे चौघांत झोपणार, गोड आमटी खाणार. जाते म्हणावं, तर मग आज तळ्यात बसून राहिले ती कोण होती? इतके महिने भांडण तयार होतं, उत्तर तयार नव्हतं. कारण उत्तर लागेल असं वाटलंच नव्हतं.

"मला विचार करू द्या," म्हटलं.

"किती दिवस?"

"ते आत्ता कसं सांगू? कधी केलाय का मी?"

हे हसतील वाटलं. हसले नाहीत. मान डोलावली, उठले, कोटाच्या खिशातून उद्याची तिकिटं काढली. "स्टेशनवर जाऊन परत करून येतो," म्हणाले आणि उन्हात चप्पल घालून खरंच गेले.

अजून आले नाहीत. सुहास दोनदा डोकावून गेली. मी विचार करते आहे. सवय नाही, म्हणून वेळ लागतोय.